रिझन कोड दोन: अंधेरीतलं एक शर्ट युनिट, आयात आणि बेकारी भत्ता

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन गाळ्यांत शर्ट शिवणारं एक युनिट जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. हजेरीपटावर ३१ जण होते. धागे कापणाऱ्या आणि बटणं लावणाऱ्या बारा-पंधरा बायका पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर होत्या, त्यांचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. मुंबईतल्या छोट्या गारमेंट युनिटांत जे सर्रास घडतं, त्यावरून ते बेतलं आहे. युनिट आणि माणसं प्रातिनिधिक आहेत. कायदे, योजनांचे दर आणि व्यापारातल्या तारखा खऱ्या आहेत.

प्रश्न जुनाच आहे. देशाने आयात खुली केली, शर्ट स्वस्त झाला, गिऱ्हाइकाचा फायदा झाला. ज्याचं काम गेलं त्याला भरपाई कोणी द्यायची, आणि ती बेकारी भत्त्याच्या वाटेने देता येईल का? माझं मत आधीच सांगतो. देता येईल, आणि तीच वाट बरी. पण काम का गेलं हे विचारायचं सोडलं तरच. आपल्याकडे ते विचारलं जात नाही असा समज आहे. या युनिटचं प्रकरण पाहिलं की कळतं, विचारलं जातं. फक्त प्रश्न वेगळा असतो.

दोन शर्ट

युनिटचं काम जॉबवर्कचं. ब्रँडवाला कापड द्यायचा. कटिंग, शिलाई, काज-बटण, प्रेस, पॅकिंग इथे व्हायचं. शेठला नगामागे पैसे मिळायचे. २०१० पर्यंत दोन पाळ्या चालत.

सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले, तेव्हा भारताने बांगलादेशाच्या ४६ कापड-वस्तूंवरचं आयात शुल्क शून्य केलं. नोव्हेंबरात मालदीवमधल्या सार्क परिषदेत पुढचं पाऊल पडलं. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांसाठी जी ‘संवेदनशील’, म्हणजे शुल्कसवलत नसलेल्या वस्तूंची यादी होती, ती २५ वस्तूंवर आली आणि तीत उरली मुख्यतः दारू-तंबाखू. म्हणजे ढाक्यात शिवलेला शर्ट मुंबईत मूळ सीमाशुल्क न भरता येऊ लागला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि आयातीवर पूर्वी लागणारं प्रतिशुल्क (देशी उत्पादन शुल्काच्या बरोबरीने आकारलेला कर) जाऊन त्या जागी पुढच्या जीएसटीत वजा होऊन परत मिळणारा एकात्मिक जीएसटी आला. तयार कपडेवाल्यांच्या संघटनांनी तेव्हापासून ओरड चालवली की उरलासुरला आडोसाही गेला. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच कपड्यांवरचं शुल्क १० वरून २० टक्के केलं. बांगलादेशच्या मालाला अर्थातच त्याची झळ लागली नाही.

शेवटच्या वर्षी ब्रँडचा मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डरी देणारा माणूस, आला तो दोन शर्ट घेऊनच. दोन्ही फिकट निळे. एक इथला, एक ढाक्याचा. युनिटच्या कटिंग मास्तरांनी दोन्ही उलटे करून पाहिले. इंचाला टाके सारखे, कॉलरची टोकं सारखी, बाहीच्या जोडाला दोन्हीकडे तीच दुहेरी शिलाई. ढाक्याच्या शर्टाची काजं उलट जरा जास्त स्वच्छ होती. मर्चंडायझर म्हणाला, “मास्तर, तुमच्या कामात खोट नाही. नगामागे फरक पडतो तेवढाच.” त्या वेळी बांगलादेशात गारमेंट कामगाराचं किमान वेतन महिना ८,००० टका होतं, रुपयांत साडेसहा हजारांच्या आसपास. इथल्या, शिवलेला माल तपासणाऱ्या चेकर ताईंना १५,००० पडत होते. पुढचं गणित मर्चंडायझरने सांगायची गरज नव्हती.

एवढ्यावर थांबलं तर प्रकरण सोपं आहे: आयात आली, युनिट गेलं. पण शेठची बाजूही ऐका. टाळेबंदीच्या वर्षात त्याचे दोन मोठे चेक अडकले. कामाचा एक भाग ढाक्याला नाही, तमिळनाडूतल्या तिरुपूरला गेला. आणि इमारत पुनर्विकासात गेली होती. रिकामा गाळा शर्टांपेक्षा जास्त कमावून देणार होता. शेठ हे लपवतही नव्हता. “धंदा चालवून जे मिळतं, ते बंद ठेवूनही मिळतंय, मग डोकेफोड कशाला?” मग युनिट कशाने गेलं: करारामुळे, कोविडमुळे की बिल्डरमुळे? टक्केवारी लावून कोणी सांगू शकणार नाही. लावली तरी दुसरा कोणी ती खोडून काढेल.

अमेरिकेने कारण विचारलं, त्याचं काय झालं

कारण विचारणाऱ्या योजनेचं ठळक उदाहरण अमेरिकेचं आहे. केनेडींच्या काळात, १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात, आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी खास मदत घातली गेली. शुल्क कमी करायला कामगार संघटनांची संमती हवी होती, तिची ही किंमत होती. पण अट अशी की आयात वाढण्याचं प्रमुख कारण शुल्कसवलत असली पाहिजे, आणि काम जाण्याचं प्रमुख कारण ती आयात. परिणाम? १९६९ पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षं योजना कागदावर, आणि लाभार्थी शून्य.

१९७४ मध्ये अट सैल केली. आयातीचा महत्त्वाचा हातभार एवढं पुरे झालं. तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. मंजूर झाला की नेहमीचा बेकारी भत्ता संपल्यावर त्याच हिशोबाने आणखी भत्ता आणि प्रशिक्षणाचा खर्च मिळे. लगेच उलटी तक्रार आली: मोटार कारखान्यांतले कामगार आत आले, १९८० मध्ये खर्च एकदम फुगला, आणि पैसे घेणाऱ्यांतले पुष्कळजण तोवर आपल्या जुन्या कामावर परतलेही होते. १९८१ मध्ये रेगन सरकारने कात्री लावली. पुढे योजना कधी वाढली, कधी आक्रसली, आणि १ जुलै २०२२ पासून मुदतवाढ न मिळाल्याने नवे अर्ज मंजूर होणं थांबलं.

चिनी आयातीचा अमेरिकेतल्या भागाभागांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट नजरेत भरते. जिथे कारखाने गेले तिथे सरकारी मदत वाढली खरी, पण ती मुख्यतः अपंगत्व, वैद्यकीय आणि निवृत्तीच्या खात्यांतून गेली. व्यापारबाधितांसाठी मुद्दाम बांधलेल्या योजनेचा वाटा किरकोळ होता. लोकांनी खास दार सोडून जे उघडं सापडलं ते दार धरलं.

अंधेरीच्या शेठचं बोलणं ऐकल्यावर याचं नवल वाटत नाही. इथल्या ३१ जणांना ‘आमचं काम ढाक्याच्या शर्टामुळे गेलं’ हे सिद्ध करा म्हटलं असतं, तर शेठचा वकील पुनर्विकासाचा करार पुढे करून मोकळा झाला असता.

आकडा दोन, आकडा दहा

भारतात असं काही सिद्ध करावं लागत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असलेल्या कामगाराला दोन वाटा आहेत.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद झाला, कपात झाली (मालकाने कामावरून कमी केलं) किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता. त्या काळात कुटुंबाला ईएसआयचे उपचारही. दुसरी अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना, जुलै २०१८ पासूनची. ती आधी वेतनाच्या २५ टक्के द्यायची, २०२० मध्ये ५० टक्के झाली, पण जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच.

आता चेकर ताई. वय ४३, जोगेश्वरीला राहतात, पगार १५,०००. पहिल्या योजनेत त्यांना महिना ७,५०० प्रमाणे वर्षाचे ९०,००० आणि पुढच्या वर्षी ४५,००० असे साधारण १,३५,००० मिळू शकतात. दुसऱ्यात, दोन वर्षांची कमाई भागिले ७३०, त्याचं निम्मं, गुणिले ९०: साधारण २२,२००. कटिंग मास्तर, वय ५२, भांडुप, पगार १९,५००. त्यांचे आकडे १,७५,५०० आणि २८,८०० च्या घरात.

दोघांचंही काम एकाच दिवशी, एकाच कारणाने गेलं. मग कोणती वाट मिळणार हे कशावर ठरलं?

दर महिन्याला अकाउंटवाला ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार भरतो. दिवस शून्य भरले की पोर्टल कारण मागतं. खाली सरकणारी यादी उघडते: १ रजेवर, २ काम सोडलं, ३ निवृत्त... ८ काम स्थगित, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कपात, ११ काम नाही. अर्धवेळ येणाऱ्या अकाउंटवाल्याने ३१ नावांपुढे ‘२’ टाकलं. कोणी काम सोडून गेलं की हेच टाकायची त्याची सवय. दोन मिनिटांत वर्गणी भरायचं चलन तयार. कामगार मात्र एका फटक्यात स्वतःहून निघून गेलेले ठरले, म्हणजे पहिली वाट बंद.

सवय म्हटली, पण तेवढंच नव्हतं. ‘१०’ टाकलं असतं तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ खाली दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून देणं आलं असतं. युनिट बंद झालं असं लेखी दिलं असतं, तर कलम २५-एफएफएफ खाली तेच. फक्त माल पडून आहे किंवा पैशाची चणचण आहे, एवढ्यावर ही भरपाई कमी होत नाही. कायदा त्याला टाळता न येणारं कारण मानत नाही. म्हणून शेठने सगळ्यांकडून छापील कागदावर सह्या घेतल्या: ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझा पूर्ण हिशोब मिळाला.’ सही केल्याशिवाय शेवटच्या महिन्याचा पगार हातात पडत नव्हता. स्वखुशी ती हीच.

बरं, बंद झाल्याचा सरकारी कागद तरी कुठे असणार? त्या वेळच्या कायद्यात बंद करण्यापूर्वी सरकारला ६० दिवसांची नोटीस द्यायची ती ५० किंवा जास्त कामगार असतील तर, आणि परवानगी लागायची ती १०० किंवा जास्त असतील तर. ३१ जणांचं युनिट शटर ओढून बंद होतं. सरकारदरबारी कुठे नोंद राहत नाही.

म्हणून म्हटलं, आपल्याकडे प्रश्न वेगळा विचारला जातो. अमेरिकेत विचारायचे, परदेशी मालामुळे काम गेलं का? इथे विचारतात, मालक मान्य करतो का? मला दुसरा प्रश्न जास्त वाईट वाटतो, कारण त्याचं उत्तर ज्याच्या हातात आहे त्याचा फायदा ‘नाही’ म्हणण्यात आहे.

पैसा कोणाचा

व्यापाराने जिंकणारे हरणाऱ्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकतात, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात निकोलस काल्डोर यांनी १९३९ मध्ये मांडला. ‘करू शकतात’ यावर तो थांबतो. करतात का, हा भाग राजकारणावर सोडलेला.

ईएसआयचा पैसा मालकाच्या ३.२५ आणि कामगाराच्या ०.७५ टक्के वर्गणीतून जमतो. २०१९ पूर्वी हे दर जास्त होते. म्हणजे ढाक्याचा शर्ट स्वस्तात विकून जो ब्रँड कमावतो, त्याच्या नफ्यातला पैसा ताईंच्या भत्त्यात येत नाही. येतो तो शेजारच्या गाळ्यातल्या अजून चालू असलेल्या युनिटचा आणि तिथल्या कामगारांचा. बुडालेल्यांचा खर्च बुडायच्या बेतात असलेल्यांकडून. तात्पुरत्या बेकारीसाठी असा विमा ठीक आहे. पण केंद्राने सही केलेल्या कराराने एका धंद्याचा पायाच हलला, तर त्या वेळी वर्गणीच्या निधीत केंद्राने तिजोरीतून भर घालावी, हे मागणं अवाजवी नाही. कामगाराने कारण सिद्ध करायचं नाही. कोणत्या धंद्यात आयात किती वाढली हे सरकारला स्वतःच्याच सीमाशुल्काच्या आकड्यांवरून दिसतं. निधीत किती भर घालायची ते त्यावर ठरवावं. भत्ता मात्र सगळ्यांना सारखा.

तिजोरीतून देण्याची सवय आपल्याला नाही असंही नाही. गिरणगावातल्या जुन्या लोकांना कापड कामगार पुनर्वसन निधी आठवत असेल. सप्टेंबर १९८६ मध्ये केंद्राने तो सुरू केला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. उतरती भाजणी शहाणपणाची होती. पण दार पुन्हा तेच: गिरणी कायमची बंद झालेली हवी, आणि वेतनाची मर्यादा. १९८२ च्या संपानंतर मुंबईत नेमकं काय झालं? हजारो कामगार परत घेतलेच गेले नाहीत, आणि गिरण्या आजारी म्हणून वर्षानुवर्षं रखडल्या, कागदावर जिवंत. कामगाराचं काम गेलं, पण गिरणी ‘बंद’ नाही. एप्रिल २०१७ पासून ही योजना राजीव गांधी योजनेत विलीन झाली. १९९२ चा राष्ट्रीय नूतनीकरण निधी तर उदारीकरणात पोळलेल्यांसाठी म्हणूनच काढला होता. त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला.

पुढे काय झालं

मास्तर जुने, युनियनच्या दिवसांतले. त्यांनी ताईंना आणि आणखी अकरा जणांना घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन गाठलं आणि तक्रार लिहून दिली. मुद्दा एकच धरला: एकाच तारखेला ३१ जण स्वखुशीने राजीनामा देतात आणि दुसऱ्या दिवशी मशिनं टेम्पोत चढतात, हे कसं? शेठ पहिल्या दोन तारखांना आला नाही. तिसऱ्या तारखेला आला तो घाईत. पुनर्विकासाच्या कागदपत्रांत गाळ्यावर कामगारांचा वाद नाही असं लिहून द्यायचं होतं. तडजोड झाली. युनिट बंद झाल्याचं तारखेसह पत्र, भरपाई दोन चेकमध्ये, आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र. कायदा कामगारांच्या बाजूने होता, पण कामाला आली शेठची घाई. बिल्डर नसता तर? मला उत्तर आवडणार नाही म्हणून मी तो प्रश्न फार ताणत नाही.

तक्रारीवर सह्या होत्या १३ जणांच्या. पत्र सगळ्या ३१ जणांना लागू होतं, तरी उरलेल्यांपैकी बरेचजण तोवर उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये गावी गेले होते; फॉर्म भरायला कोणी परतलं नाही. मधल्या काळात सगळे जगले ते पीएफवर. तेव्हा काम गेल्यावर महिन्याने ७५ टक्के काढता येत, ते काढले. म्हातारपणाची शिल्लक गेली.

पीस रेटवाल्या बायकांचं प्रकरण लिहायला फारसं काही नाही. ईएसआय नंबर नाही, पोर्टलवर नाव नाही, त्यामुळे चुकीचा आकडाही कोणी टाकला नाही. व्यापारामुळे कोणाचं पहिलं काम जातं असं विचाराल तर याच बायकांचं. ऑर्डर पातळ झाली तेव्हा पटावरच्या माणसाच्या आधी वर्षभर त्यांचे धागे कापायचे गठ्ठे कमी झाले होते. बेकारी भत्त्याची कितीही चांगली योजना त्यांच्यापर्यंत जात नाही, जोवर पीस रेटची वहीसुद्धा वर्गणीला धरली जात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आहे. तेही ‘कपात’ म्हणून नोंदलेल्यांसाठी. आणि त्याच संहितेने बंद करण्यासाठी लागणाऱ्या परवानगीची मर्यादा ३०० कामगारांवर नेली.

राहिले मास्तर. त्यांच्यापुढचा पेच योजनेच्या रचनेतला आहे, म्हणून तो मांडून ठेवतो. मे महिन्यात त्यांना भिवंडीत कटिंगचं काम मिळालं, पगार १४,०००. काम धरलं की भत्ता बंद. भत्ता ९,७५०, काम १४,०००. रोज भांडुपहून भिवंडी जायचं-यायचं ते महिना सव्वाचार हजारांसाठी. भिवंडीचा मालक म्हणाला, नाव पटावर घालायची काय गरज, रोख देतो. मग दोन्ही मिळून २३,७५०, जुन्या पगारापेक्षा जास्त. योजनाच माणसाला चोरवाट दाखवते.

अमेरिकेच्या योजनेत पन्नाशी पार केलेल्यांसाठी याला एक उत्तर होतं. कमी पगाराचं काम धरलं तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचं निम्मं सरकार द्यायचं, दोन वर्षं, १०,००० डॉलरच्या मर्यादेत. मास्तरांना लावून बघा. फरक ५,५००, निम्मे २,७५०, दोन वर्षांचे ६६,०००. घरी बसवून पूर्ण भत्ता दिला तर निधीचे जातात १,७५,५००. म्हणजे निधीचं लाखावर वाचतं, मास्तरांना महिना १६,७५० मिळतात, नाव पटावर राहतं आणि वर्गणी चालू राहते. त्या मोडीत निघालेल्या योजनेतलं एवढं एक कलम मी आपल्याकडे बिनदिक्कत उचलून घेईन.

तसं कलम आपल्याकडे नाही. मास्तरांनी भिवंडीचं काम धरलं, आणि पटावर नाव घालायचा आग्रह धरला नाही.